मदत हवी आहे : मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या गाण्याचा अर्थ

मंडळी, नमस्कार. आमच्या धाराशिवकडच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) गावात बायका अजून एक जुनं गाणं म्हणतात. यंदा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेच्या पोरींनी तेच म्हणावं अशी फार इच्छा आहे, पण पोरींना अर्थ नीट सांगता आला पाहिजे.

गाण्यात भाऊ रातच्याला कुऱ्हाड घेऊन शिंदीची झाडं (ज्यांच्या रसाची दारू होते ती) तोडायला जातो आणि बहीण दारात कंदील बारीक करून बसते. गावातले काही जण म्हणतात, हे दारूबंदीचं गाणं. मला ते पटत नाही. १९४७ च्या लढ्यात निजामाचं अबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचं, उत्पन्न बुडावं म्हणून सत्याग्रही शिंदी तोडत होते. नुसत्या दारूबंदीसाठी कंदील कोण बारीक करील?

खरी अडचण शेवटच्या कडव्याची. सोलापूरकडून नवरदेव येतो, नळदुर्गाला वऱ्हाड थांबतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गावरच आली होती. नवरदेव म्हणजे ती फौज का? की हे लग्नातलंच कडवं नंतर जोडलं गेलंय?

तुळजापूर, उमरगा, लोहारा भागात कुणाच्या आजीला हे गाणं येत असेल तर तिला विचारून कळवा. तिच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलंत तर फारच बरं होईल.