झोप लागत नाही, गोळी सुचवा (तातडीने)

धायरीकर: रात्री दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी हिंजवडी गाठायची असते. केमिस्ट चिठ्ठीशिवाय काही देत नाही. गोळीचं नाव सांगा. मोबाईल बाजूला ठेवा वगैरे उपदेश नकोत.

मनीमाऊ: कधीपासून? दुसरी औषधं चालू आहेत का?

पेन्शनर: कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून घ्या.

पेठेतला: काका, प्रत्येक धाग्यावर जायफळ! जास्त झालं तर भ्रम होतो माणसाला.

पेन्शनर: चिमूटभर लिहिलंय. चष्मा लावा.

धायरीकर: दोनेक आठवडे झाले. बाकी सगळं नॉर्मल.

मनीमाऊ: मग तात्पुरतं दिसतंय. आठवड्यात किमान ३ रात्री असं ३ महिने चाललं तर जुनाट म्हणतात. तात्पुरत्याला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असतं. औषधांचं उत्तर राहिलं.

नदीकाठ: ढोलाचा सराव सुरू झालाय, तेच कारण. आमच्याकडे भिंती हलतात.

ताशेवाली: वर्षातून दोन महिने सहन होत नाही का हो?

धायरीकर: धायरीपर्यंत ढोल येत नाही! अंगावर पित्त उठलं होतं, त्याची गोळी घेतोय रात्री जेवणानंतर. पाकिटावर प्रेडनिसोलोन आहे. झोपेशी काय संबंध?

मनीमाऊ: आहे ना! ते स्टेरॉइड. अंगात जागं ठेवणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं, त्याच्यासारखंच काम करतं. कॉर्टिसॉल सकाळी चढतं, रात्री उतरतं. तुम्ही नेमकं रात्री चढवताय. म्हणून ही गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर देतात. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना वेळ बदलायचं विचारा. झोप नाही आली तर वीसेक मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. रविवारीही उठायची वेळ तीच.

पेठेतला: एवढं कशाला? मेव्हणा अर्धी अल्प्राझोलाम घेतो, घोरतो मस्त.

मनीमाऊ: तिची सवय लागते, एकदम सोडली की झोप आणखी उडते. केमिस्ट उगाच चिठ्ठी मागत नाहीत.

धायरीकर: डॉक्टर फोन उचलत नाहीत. संध्याकाळचा चहा चालेल ना?

मनीमाऊ: सहाचा चहा अकरालाही अर्धा अंगात असतो. दुपारीच आटपा.

गादीवाला_भाऊ: गादी कापसाची की फोमची?