सोसायटीच्या मागच्या, ओढ्याकाठच्या पायवाटेचं काय ठरलं?

बी-६०२: सकाळी गच्चीवरून बघितलं, ओढ्याकडच्या पट्टीवर परत राडारोड्याचे दोन ढीग पडलेत. रात्री कुणीतरी ट्रॅक्टर रिकामा करून गेलंय. आता मोठ्या झाडाच्या पलीकडे जायला वाटच राहिली नाही. आणि आपण तीन महिने झाले पायवाटेला पाठिंब्याचा एक फॉर्म भरतोय. १४४ फ्लॅटपैकी ३१ जणांनी भरला. शुक्रवारी नगरपालिकेत पत्र द्यायचंय, मी त्यात काय लिहू सांगा.

ए-१०२: मेंटेनन्समधून एक पैसाही जाणार नाही हे मागच्या मीटिंगमध्ये स्पष्ट झालेले आहे. कृपया नोंद घ्यावी. 🙏

सी-३०३: आज पाणी किती वाजता आहे?

सेक्रेटरी: नेहमीप्रमाणे.

बी-६०२: काका मी पैशाचं अजून बोललेच नाही, फॉर्मचं बोलतेय.

डी-४०४: ताई ती लिंक आमच्या सासूबाईंच्या फोनवर उघडतच नाही. कागदावर काढून द्या, मी डी विंगचे सगळे मजले फिरून सह्या आणते. दारात उभं राहिलं की माणूस नाही म्हणत नाही, लिंकवर म्हणतो.

बी-६०२: हे मला तीन महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. आजच प्रिंट काढते.

ए-५०१: सह्या मिळतील हो, पुढचं काय? दोन वर्षांपूर्वी ४० रोपं लावली, फोटो काढले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज जाऊन मोजा किती उभी आहेत.

डी-२०१: रोख माझ्याकडे असेल तर स्पष्ट बोला. तेव्हा खजिनदार मी होतो. हिशोब नोटीस बोर्डवर सहा महिने लावलेला होता, वाचायला कोणी थांबलं नाही त्याला मी काय करू.

ए-५०१: हिशोबाचं कोण बोलतंय? पाण्याचं बोलतोय. रोपं हिशोबावर जगत नाहीत.

डी-२०१: पाणी घालायची यादी पण मीच केली होती. त्यात तुमचं नाव होतं, बुधवार.

ए-५०१: हा मेसेज डिलीट केला गेला

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नये. 🙏

बी-६०२: मी मोजलीत. ४० पैकी ६ जगली, आणि सहाही पंपहाऊसजवळची, कारण तिथे नळ आहे. म्हणजे रोपं लावणाऱ्यांचं चुकलं नाही आणि यादी करणाऱ्यांचंही नाही, नळ लांब होता एवढंच. पायवाटेचं अगदी हेच होणार आहे म्हणून मी जीव तोडून सांगतेय. बांधायला पैसे मिळतात, उद्घाटनाला माणसं मिळतात, पण दुसऱ्या वर्षी गवत कोण कापणार, पावसाने खचलेली कड कोण भरणार, पडलेली फांदी कोण उचलणार याला कोणी मिळत नाही. नगरपालिकेतल्या बाईंनी मला हेच विचारलं, बांधून देऊ पण सांभाळणार कोण ते लिहून आणा.

ए-१०२: मेंटेनन्समधून एक पैसाही जाणार नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या सिंकिंग फंडातूनही नाही. हे परत लिहावे लागते याचे वाईट वाटते.

बी-३०५: पायवाट झाली की काका रोज चालायला जातील, लिफ्टचं बिल कमी होईल, फायदा सोसायटीचाच 😄

सी-६०३: 😂😂

ए-१०२: यात हसण्यासारखे काही नाही. मी ९ वर्षे या सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

बी-३०५: सॉरी काका, गमतीत लिहिलं.

सी-१०४: मी आतापर्यंत गप्प होते. पण आमचं घर तळमजल्यावर आहे आणि बेडरूमची खिडकी त्या पट्टीकडेच उघडते. तुम्ही सगळे वरच्या मजल्यावरून हिरवळ बघणार आणि आमच्या खिडकीसमोरून सकाळी पाचपासून परकी माणसं जाणार. चोरीची भीती वेगळी. हे कोणी विचारलं का आम्हाला? चार घरं आहेत अशी.

सी-१०३: शंभर टक्के बरोबर.

बी-६०२: ताई, सगळ्यात आधी तुमच्या चार घरांत यायला हवं होतं, ते राहून गेलं. आज संध्याकाळी येते, तुमच्या खिडकीत उभं राहूनच रेषा कुठून जावी ते बघू. भिंत आणि वाट यांच्यात दाट झुडपांची रांग हवी हे तर मी पत्रातच घालते. चोरीचं म्हणाल तर आत्ता तिथे कोणीच जात नाही म्हणूनच रात्री ट्रॅक्टर रिकामा होतो ना? माणसांची ये-जा असेल तर असं करायची हिंमत होत नाही. तरी भीती तुमची आहे, तुम्ही जे सांगाल ते लिहीन.

सी-७०१: मी ३२ वर्षे रस्त्यांच्या कामात होतो म्हणून दोन शब्द. रेषा ओढ्याकडे सरकवा म्हणणं सोपं आहे पण पावसाळ्यात ओढा कुठपर्यंत येतो ते आधी बघा. पायवाटेचा शत्रू पाणी, चालणारे पाय नव्हेत. वाटेला आडवा उतार द्यायचा, साधारण २ टक्के, म्हणजे पाणी वाटेवरून पळत न जाता आडवं निघून जातं. लांबीचा चढ ५ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २० फूट चालल्यावर १ फूट चढ, तर व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही जातात. रुंदी, चालणारे आणि सायकली दोन्ही असतील तर ३ मीटर. यातलं काही चुकलं तर पहिल्याच पावसात चर पडतात आणि मग लोक म्हणतात बघा आम्ही सांगितलं होतं.

बी-६०२: सर हे जसंच्या तसं पत्राला जोडू का?

सी-७०१: जोडा. नकाशा पण काढून देतो. फक्त पेव्हर ब्लॉक नकोत, पाणी मुरलं पाहिजे.

डी-३०२: पेव्हर ब्लॉक काय वाईट? चिखल होत नाही.

सी-७०१: झाडांच्या मुळांवर ब्लॉक टिकत नाहीत. उचलले जातात. मग ठेचा लागतात.

डी-३०२: पण मातीत बूट खराब होतात.

सी-६०३: कुत्रेवाल्यांचं काय ठरलं ते आधी सांगा. आत्ताच लॉनवर पाय ठेवायची सोय नाही, उद्या तिथे पण तेच.

बी-४०१: आम्ही पिशवी नेतो. सगळ्यांना एकाच मापात मोजू नका.

सी-६०३: तुम्ही नेता. मी तुम्हाला नाही म्हटलं.

बी-४०१: मग कोणाला म्हटलं ते सांगा, इथे तीनच कुत्रे आहेत.

सेक्रेटरी: विषय भरकटतो आहे. 🙏

ए-१०२: विषय एकच आहे. मेंटेनन्समधून एक पैसाही नाही.

ए-५०१: बरं पण खरंच सांगा, आपल्या एका सोसायटीने काय होणार आहे? पट्टी पुढे जाऊन भिंतीला थडकते. अर्ध्या किलोमीटरच्या वाटेला पायवाट म्हणायचं?

बी-६०२: हाच प्रश्न सगळीकडे पहिल्यांदा विचारला गेलाय. अमेरिकेत ग्रेट ॲलेगेनी पॅसेज म्हणून वाट आहे, पिट्सबर्ग ते कंबरलँड, साधारण २४० किलोमीटर, जुन्या बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरून जाते. तिचा पहिला तुकडा १९८६ मध्ये उघडला तो जेमतेम १४-१५ किलोमीटरचा, शेवटचा २०१३ मध्ये. म्हणजे २७ वर्षं लागली. आणि ती कुण्या एका सरकारी खात्याने नाही केली, वाटेवरच्या गावांच्या वेगवेगळ्या गटांनी आपापला तुकडा धरला आणि १९९५ मध्ये एक आघाडी केली, मग कामं आणि पैसा दोन्ही जुळत गेलं. इंग्लंडमधली पेनाइन वे तर टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकाराने १९३५ मध्ये लेख लिहून मागितली आणि ती उघडली १९६५ मध्ये. तीस वर्षं तो मागत राहिला. आपल्या भिंतीपलीकडे तीन सोसायट्या आहेत, त्यांची पण ओढ्याकडे पाठ आहे. त्यांच्याशी कोणी बोललंय का?

डी-२०१: अमेरिका इंग्लंडचं आपल्याला काय सांगता, तिथे पैसा आहे.

बी-६०२: दादा पैशासाठी तिथेही भांडणंच झाली. न्यूयॉर्कची हाय लाइन, म्हणजे जुन्या रेल्वे पुलावर केलेली बाग आणि चालायची वाट, आज सगळ्यांना माहिती आहे, पण १९९९ मध्ये दोन माणसं एका वस्तीच्या बैठकीत एकमेकांशेजारी बसली होती, ओळख पण नव्हती, आणि तो जुना रेल्वे पूल पाडायच्या मागे शहर लागलं होतं. त्या दोघांनी संस्था काढली. पहिला भाग २००९ मध्ये उघडला. आजही तिचा वर्षाचा खर्च जवळजवळ सगळा देणग्यांतूनच उभा राहतो, आणि माळी, झाडू, दुरुस्ती हे सगळं त्या खर्चात येतं. आपण सुरुवातीलाच दोन खाती मनात वेगळी ठेवू, एक बांधायचं आणि एक सांभाळायचं.

ई-२०३: मी भाडेकरू आहे म्हणून सहसा लिहीत नाही. पण हाय लाइनच्या आजूबाजूला जागांचे भाव किती चढले ते पण सांगा ना. इथे सगळे मालक पायवाट झाली की रेट वाढेल म्हणून खूश आहेत. माझा मालक सगळ्यात आधी भाडं वाढवेल. मग मी चालायला कुठून येऊ?

डी-३०२: रेट वाढला तर वाईट काय आहे?

ई-२०३: तुम्हाला नाही.

बी-६०२: हे खरं आहे, लपवण्यासारखं नाही. त्या दोघांपैकी रॉबर्ट हॅमंडने नंतर स्वतःच जाहीरपणे कबूल केलं की शेजारच्या साध्या वस्त्यांतल्या लोकांसाठी आम्ही कमी पडलो, त्यांना काय हवंय ते आधी विचारायला हवं होतं. भाडं मी थांबवू शकत नाही. पण रेट वाढेल हे वाक्य पत्रातून काढते, आणि फॉर्मवर भाडेकरूंची सही मालकाच्या सहीइतकीच धरायची. तुम्ही ई विंगचा कागद घ्याल का?

ई-२०३: घेते.

डी-२०१: मालकांनी ठरवायच्या गोष्टीत भाडेकरूंची सही? हे नियमात बसतं का, सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी: हा ठराव नाही, पाठिंब्याचं पत्र आहे. बसतं.

सी-६०३: माझ्या ओळखीत एक कंपनी आहे, सगळा खर्च एकरकमी देईल. फक्त दोन्ही टोकांना त्यांचा बोर्ड पाहिजे, मोठा.

बी-३०५: घेऊन टाका की! विषय संपला.

सी-७०१: बाकं, पायऱ्या, छोटा पूल याला देणगीदार मिळतात कारण त्यावर नाव घालता येतं. गवत कापण्यावर नाव घालता येत नाही. त्या कंपनीला विचारा, पाच वर्षं माळ्याचा पगार देता का. देत असतील तर बोर्ड लावू, पण लहान.

सी-६०३: विचारतो. हो म्हणतील असं वाटत नाही.

बी-६०२: माझं म्हणणं आहे ते एकदा नीट लिहिते, मग बोलणार नाही. मोठी देणगी एकाची नको, छोटी अनेकांची हवी. ज्या घराने थोडे का होईना पैसे दिले ते घर कचरा दिसला की ओरडतं. ज्यांना पैसे द्यायचे नाहीत त्यांनी महिन्यातून दोन तास द्यावेत, ते तास वहीत लिहायचे. पुष्कळ ठिकाणी अनुदान देणारे लोकांच्या श्रमाचे तास लोकांनी भरायच्या वाट्यात धरतात, ही वही उद्या कामाला येईल. खातं सोसायटीच्या मेंटेनन्सपासून पूर्ण वेगळं, चारही सोसायट्यांचा एकेक माणूस, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही. आणि पैसे मागायच्या आधी मोजणी. तिथे माणसं चालतात हे दाखवता आलं नाही तर कोणी का द्यावेत? येत्या रविवारी सकाळी सहा ते आठ, आहे त्या वाटेवर, ढिगाऱ्याला वळसा घालून, जो येईल त्याने चालायचं. दोन टोकांना दोघांनी बसून मोजायचं, किती मोठे, किती मुलं, किती सायकली, कोणी काठी घेऊन आलं का. तो आकडा पत्रात जाईल. शुक्रवारचं मी सोमवारवर ढकलते, बाई ऐकतील.

डी-४०४: सासूबाई म्हणतात काठीवाल्यांत माझं नाव लिहा.

सी-१०४: खिडकीचं आधी बघा, मग मी मोजायला बसेन. सहा वाजता उठतेच मी.

बी-६०२: साडेसहाला येते ताई.

ए-५०१: ढिगारे उचलायला शनिवारी कोण आहे? फावडी माझ्याकडे दोन आहेत. बुधवारचं उगाच उकरून काढलं, असो.

डी-२०१: मी येतो.

बी-४०१: मी पण. आणि हो, पिशव्या घेऊन.

बी-६०२: मागच्या छोट्या गेटची किल्ली कोणाकडे आहे? कुलूप दोन वर्षं उघडलेलं नाही. वॉचमनदादांकडे नाही, ऑफिसात नाही.

सेक्रेटरी: माझ्याकडे हस्तांतरात आलेली नाही.

सी-७०१: मुख्य गेटने वळसा पडला तर म्हातारी माणसं येणार नाहीत. तेवढं बघा.

डी-३०२: कुलूप तोडा.

सेक्रेटरी: असं काही तोडता येणार नाही. 🙏

सी-३०३: पाणी अजून आलेलं नाही.

सेक्रेटरी: पंप लावला आहे, दहा मिनिटं.

ए-१०२: किल्ली माझ्याकडे आहे. माझ्या काळात रोज सकाळी ते गेट मीच उघडत असे. तेव्हा ओढ्यापर्यंत वाट होती, मी आणि सौ. रोज जात होतो. नंतर ती गेली आणि मी तिकडे गेलो नाही.

बी-६०२: काका, मला माहिती नव्हतं.

ए-१०२: रविवारी सहाला नाही, साडेपाचला उघडतो. ऊन चढायच्या आत चालून झाले पाहिजे. कुलपात तेल घालावे लागेल.

ए-१०२: आणि मेंटेनन्समधून एक पैसाही जाणार नाही हे कायम आहे. वेगळे खाते काढाल तेव्हा फॉर्म माझ्याकडे पाठवा. कागदावर.

डी-४०४: मी आणून देते काका, आत्ता ए विंगमध्येच आहे.