कॉम्प्युटर नेमका कधी अडकतो? बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडचे अनुभव लिहा

शहापूरकर

आमच्याकडे कॉम्प्युटर हँग झाला की एकच औषध, 'फॉरमॅट मारा', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका. माझ्या घरच्या मशीनला वर्षभरात तीनदा मारून झालं. दर वेळी पाचशे रुपये, दोन दिवस दुकानात, आणि घरी आणल्यावर आठ-दहा दिवस शहाण्यासारखा चालणार. मग पुन्हा तेच. बाण जागच्या जागी, कीबोर्ड मुका, पंखा मात्र घुं घुं चालूच.

चौथ्यांदा डबा उचलून निघालो तेव्हा बायको म्हणाली, "दुधाचे खाडे लिहिता तसं हेबी लिहून ठेवा की. कधी अडकतंय ते तरी कळंल." मग कॅलेंडरवर, सिलिंडरच्या तारखेखाली, लिहायला लागलो. वेळ बघायला वेगळं काही लागत नाही. स्क्रीन गोठली की कोपऱ्यातलं घड्याळही गोठतं, तीच अडकल्याची वेळ. शेजारी एवढंच लिहायचं की त्या वेळी काय उघडलं होतं.

पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात वेळा मी थोरलीच्या लग्नाचे फोटो उघडले होते. तो फोल्डर उघडून कान लावला तर डब्यातून बारीक आवाज, टक्… टक्… थांबून परत टक्. विंडोजमध्ये कोण किती काम करतंय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवतेय, पण वाचण्याचा वेग जवळजवळ शून्य. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात हार्डडिस्कचा रंग पिवळा, म्हणजे सावध. डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे छोटे कप्पे, वाचताच येत नव्हते. डिस्क तीच जागा परत परत वाचायचा प्रयत्न करते आणि सगळं मशीन तिच्यासाठी ताटकळत बसतं, यालाच आपण हँग म्हणत होतो.

फॉरमॅटचं कोडं तेव्हा सुटलं. दुकानात मारतात ते क्विक फॉरमॅट. वहीची अनुक्रमणिका नवी लिहायची, आतली फाटकी पानं तशीच. पुन्हा त्या पानावर काही आलं की अडकलंच.

आधी फोटो बाहेर काढले, मग नवी एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीशिवायची वेगवान डिस्क, बसवली. क्रम हाच ठेवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर आधी दुरुस्तीचे प्रयोग करू नका, त्यातच ती जायची. माझे चौदा फोटो अर्धे करडे निघाले. त्यातल्या एकात आमची आई होती.

तर लिहा. तुमचं मशीन कधी अडकायचं आणि शेवटी काय निघालं? दुकानदारांची नावं नकोत, आपल्याला भांडण करायचं नाही.

जांबोटीचा पाऊस

आमचं मशीन फक्त पावसाळ्यात अडकायचं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं कॉम्प्युटरची काय कथा. झाड तारांवर पडलं की दोन-तीन दिवस वीज नाही. मशीन तसंच थंड, ओलं हवापाणी खात पडून. वीज आल्यावर चालू केलं की कधी नुसती बीप, कधी विंडोजचं चिन्ह येऊन तिथंच मुक्काम.

निघालं काय, तर रॅमच्या, म्हणजे चालू काम लक्षात ठेवणाऱ्या काडीच्या, सोनेरी पट्टीवर मळकट थर. प्लग काढला, पॉवरचं बटण एकदा दाबून धरलं म्हणजे आतला उरलासुरला करंट जातो, डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि रॅम काढली. पोराच्या दप्तरातलं पांढरं खोडरबर घेऊन पट्टी हलकेच घासली. खोडरबर काळं झालं! कीस नीट झटकून रॅम परत बसवली. दोन्ही बाजूंचे चाप 'कट्ट' करून आपणहून मिटले पाहिजेत. अर्धवट बसलेली रॅम हे अडकण्याचं दुसरं कारण.

आता पावसाळ्यात काम असो-नसो, वीज असली की रोज तासभर मशीन चालू ठेवतो. आतल्या गरमीनं ओल धरत नाही.

निपाणीकर

रॅम घासायला पॉलिश पेपर वापरणारे महाभाग मी पाहिलेत. सोन्याचा मुलामा जातो. खोडरबरच बरं.

माझं सांगतो. घराच्या पुढल्या सोप्यात तंबाखूचा हिशेब, मागं वखार. संध्याकाळी मशीन चालू केलं की बरोबर वीस-पंचवीस मिनिटांनी अडकायचं. लगेच परत चालू केलं तर पाचच मिनिटांत. तासभर थांबून केलं तर पुन्हा वीस मिनिटं. हा हिशेब ध्यानात आला तेव्हाच डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता, पण मी व्हायरस शोधत बसलो.

पुतण्यानं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. काहीही न करता ७८ अंश, आणि हिशेबाची फाइल उघडली की ९६. डबा गच्चीवर नेऊन उघडला. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तपकिरी नमदा बसलेला, बोटानं उचलला तर अख्खी चकती निघाली. तंबाखूच ती. ब्लोअर मारल्यावर घरातली पाचही माणसं शिंकत खाली पळाली, म्हातारी आई सोडून. तिचा जन्म विडी वळण्यात गेला.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरची गरमी त्या पात्यांकडं नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती स्पिरिटनं पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. परवा बघितलं, रिकामं असताना ४१.

गोकाकची मास्तरीण

दोन अँटीव्हायरस. एक दुकानदारानं टाकलेला, एक मुलानं. दोघं प्रत्येक फाइल एकाच वेळी तपासायला धावायचे. एक काढला. बस्स, माझा अनुभव एवढाच.

अथणी मळा

आमच्याकडं कृष्णाकाठचा ऊस आणि पंपसेट. थ्री फेज आली की सगळ्या मळ्यांच्या मोटरी एकदम सुरू. त्या घटकेला ट्यूब मिणमिणती आणि कॉम्प्युटर एकतर गप्प नाहीतर आपोआप रिस्टार्ट. पोरगी म्हणायची, "पप्पा, मोटर चालू झाली वाटतं," मोटरीचा आवाज यायच्या आधीच.

वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर लावला, १७२ व्होल्ट. २३० च्या जागी! मग टेस्टर डब्याच्या पत्र्याला लावला तर दिवा लागला. माझ्याकडं बघून कन्नडमध्ये म्हणाला, "अर्थिंग इल्ल री," म्हणजे अर्थिंगच नाही. इतके दिवस पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या, आम्ही म्हणायचो थंडीमुळं असंल.

मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं, आता उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम पोरीकडं. एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा खोका, बदलला. जुना दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवला, आतल्या कपॅसिटरची टोपणं फुगलेली. ते घरी उघडायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. शिवाय यूपीएस, म्हणजे वीज पडली की बॅटरीवर चालवणारा डबा, घेतला. आता मोटर सुरू झाली तर तो 'टीं' करतो, कॉम्प्युटरला पत्ता नसतो.

उद्यमबागवाला

सगळे फॉरमॅटच्या मागं लागलाय म्हणून उलट बाजू मांडतो. आमच्या घरच्या मशीनवर मी संध्याकाळी ड्रॉइंगं करतो. हे अडकायचं तेव्हा गाण्याचा आवाज 'टर्रर्र' करत एकाच जागी घासायचा. शहापूरकरांसारखा डिस्कवर संशय घेतला, डिस्क ठणठणीत. रॅम रात्रभर मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला लावली, एकही एरर नाही. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी गोष्टींसह चालू करून, तीन तास चालवलं, अडकलं नाही. हार्डवेअर खराब असतं तर तिथंही बहुतेक अडकलंच असतं. म्हणजे गोम ड्रायव्हरमध्ये, विंडोजला एकेक भाग चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाल्याच्या तारखेपासूनच हे सुरू झालेलं. जुना परत टाकला, बरं झालं. हेच विंडोज आतून कुजलेलं असतं तर फॉरमॅटच योग्य ठरलं असतं.

आणखी एक. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून लोक धावत जाऊन एसएमपीएस आणतात. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. अडकल्यावर आपणच बटण दाबून धरून बंद केलं तरी ४१ येणारच की!

शहापूरकर

मान्य. माझा राग फॉरमॅटवर नाही, न बघता मारण्यावर आहे. आणि सेफ मोडच्याही आधी एक फुकटची परीक्षा. अडकलं की कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो म्हणजे आत जीव आहे, एखादा प्रोग्राम किंवा नुसतं चित्र अडकलंय, दोन मिनिटं थांबा. दिवा ढिम्म, तर सगळंच गोठलं.

अनगोळची अक्का

हसू नका. माझा कॉम्प्युटर दर संध्याकाळी हँग. भाचा टिळकवाडीहून आला, अर्धा तास काय काय बघितलं, मग माउस उलटा केला. सेल संपलेला. कॅप्स लॉकचं तेव्हाच सांगितलं असतंत तर त्याला तीनदा चहा करावा लागला नसता.

खानापूर लोकल

मी कॉलेजात आहे. माझ्या मते 'अडकतो' आणि 'रखडतो' वेगळं लिहायला पाहिजे. आमचा जुना पीसी रखडायचा. ४ जीबी रॅम, ब्राउझरमध्ये वीस टॅब, रॅम भरली की विंडोज सामान हार्डडिस्कवर नेऊन टाकणार आणि परत आणणार. मिनिटभर थांबलं की आपोआप हलतो, तो हँग नव्हे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यानं विंडोज ११ घेईना, म्हणून एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड त्यात आहेत. पप्पा भजनाच्या याद्या मराठीत आणि अर्ज कन्नडमध्ये टाइप करतात. एक कुरकूर आहे, आमचा जुना स्कॅनर त्यावर चालेना.

हिंडलगा

वरचं सगळं करून झालं. धूळ काढली, रॅम घासली, डिस्कचा रंग निळा म्हणजे ठीक, तापमान ४५, सेफ मोडमध्येही एकदा अडकलं. वेळेला काही धरबंध नाही. आता काय?

शहापूरकर

यूएसबीला जोडलेलं सगळं काढा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम, नुसते कीबोर्ड-माउस ठेवा. चार दिवस चालवा, मग दर दोन दिवसांनी एकेक परत लावा. आणि कॅलेंडरवर लिहा.

हिंडलगा

पाच दिवस अडकलं नाही. सहाव्या दिवशी वेबकॅम लावला, ठीक. आठव्या दिवशी प्रिंटर लावला, ९ वाजून ४० मिनिटांनी बंद. प्रिंटरची वायर बघितली तर टोकाजवळ उंदरानं कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी. नवी वायर आणायला चाललोय. कॅलेंडरवर लिहिलंय, दुधाच्या शेजारीच.