मुलांना घेऊन बोंडला, डॉल्फिनची होडी की चोडणचे पक्षी?

प्रश्न (म्हापसा)

डिसेंबरमध्ये माझी नणंद दोन मुलांना घेऊन कोल्हापूरहून आमच्याकडे येणार आहे. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. सोबत सासूबाईही असतील आणि त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. मुलांना समुद्रापेक्षा प्राण्यांची ओढ अधिक असल्याने "मामी, बिबट्या, मगर आणि डॉल्फिन तिन्ही दाखव" अशी मागणी फोनवर आधीच नोंदवली गेली आहे. गुरुवारी बोंडलाचे प्राणिसंग्रहालय, शुक्रवारी डॉल्फिन आणि शनिवारी एखादे मत्स्यालय, असे मी ढोबळमानाने ठरवले आहे. मात्र डॉल्फिनच्या बाबतीत मन कचरते. गेल्या वर्षी पाहुण्यांबरोबर ज्या होडीत बसलो होतो, तिच्यासह तीन होड्या एकाच डॉल्फिनच्या मागे लागल्या आणि तो जिथे वर येईल तिथे इंजिनाचा आवाज करत पोहोचल्या. डॉल्फिन दिसला, पण पाहिल्याचे समाधान काही लाभले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा)

ताई, सर्वप्रथम वार बदला, कारण बोंडला गुरुवारी बंद असते. तिस्क-उसगावहून वर चढून गेल्यावर बंद फाटकापाशी फोटो काढून परतणारी कुटुंबे मी अनेकदा पाहिली आहेत.

चोडणचे पक्षी अभयारण्य सोडले तर बोंडला हे गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्य असून त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 8 चौरस किलोमीटर आहे. त्यातच प्राणिसंग्रहालय असल्याने अनेकांचा गोंधळ होतो: पिंजऱ्यात किंवा कुंपणात दिसणारा प्राणी वेगळा आणि भोवतालच्या रानातला वेगळा. मोठ्या शहरातले प्राणिसंग्रहालय मनात धरून गेलात तर मुले तासाभरात कंटाळतील. रानातली सावली, फुलपाखरे आणि त्यासोबत काही प्राणी, एवढी अपेक्षा ठेवलीत तर सकाळ छान जाईल. गवा हा गोव्याचा राज्यपशू. कोल्हापूरच्या मुलांना तो नवा नसेल, कारण राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पण तिथे तो दिसलाच तर झाडीतून दुरून दिसतो आणि इथे कुंपणापलीकडे त्याच्या पायांतले पांढरे मोजे मोजता येतात. दुपारी बहुतेक प्राणी आडोशाला निजतात, म्हणून उघडताच पोहोचा. मुलांच्या हातात वेफर्सची पाकिटे देऊ नका. प्राण्यांना खाऊ घालणे किंवा चिडवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि आपल्याकडे तो सर्वाधिक निरागसपणे केला जातो.

उत्तर (पणजी)

वरील सूचनेशी सहमत आहे, पण एका दिवसाची निवड करायची झाल्यास मी चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य सुचवेन. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की आपण तिथे पोहोचतो आणि मुलांसाठी फेरीबोट हीच अर्धी सहल ठरते. अभयारण्याचा विस्तार 1.78 चौरस किलोमीटर असून ते जवळजवळ संपूर्ण खारफुटीचे आहे.

इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीला महत्त्व आहे. पाणी चढलेले असताना होडी खारफुटीच्या अरुंद खाड्यांमध्ये आतपर्यंत जाऊ शकते. पाणी उतरले की आतला मार्ग अडतो, पण उघड्या पडलेल्या चिखलावर पाणपक्षी चरायला उतरतात. त्याच चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारताना दिसतात आणि एकच नांगी अवाढव्य असलेले नर खेकडे ती हलवून एकमेकांना आव्हान देत असतात. सहा वर्षांच्या मुलाला हे दृश्य बिबट्यापेक्षा अधिक वेळ गुंतवून ठेवते, असा माझा अनुभव आहे. मगरीची हौस असेल, तर जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत आणि ओहोटीच्या वेळी त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसू शकतात. सासूबाईंना होडीत चढता-उतरताना आधार लागेल, हे नावाड्याला आधीच सांगून ठेवा.

मत्स्यालयाविषयी माझे मत थोडे कडक आहे. समुद्री मासे जगवणे म्हणजे काचेत खारे पाणी भरणे नव्हे. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया साठतो; गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि ही साखळी तुटली की मासे मरू लागतात. जपानमधील ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात देवमुशीसाठी (व्हेल शार्कसाठी) 7,500 घनमीटर पाण्याची टाकी आहे. त्या तोडीची व्यवस्था प्रत्येक पर्यटनस्थळी उभी राहत नाही. मासेच दाखवायचे असतील तर मुलांना पहाटे मालीमच्या मासेमारी जेटीवर न्या. इसवण, मोरी, वागळी आणि माकूल एकाच फेरीत दिसतील, शिवाय नावे सांगणाऱ्या बायका तिथे हजर असतात. (मासे जिवंत नसतात, हे मुलांना आधी सांगावे.)

उत्तर (काणकोण)

डॉल्फिन पूर्णपणे टाळण्याची गरज नाही. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यात आणि नदीमुखांच्या आसपास वावरतात आणि श्वासासाठी त्यांना वर यावेच लागते, म्हणून होडीने थांबून राहिले तरी ते दिसतात. भारतात बंदिस्त तलावातील डॉल्फिनच्या खेळांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2013 मध्येच मनाई केली, पण मोकळ्या समुद्रातही त्यांना घेरून ताण देता येतो, हे आपण स्वतःच पाहिले आहे. "दिसला नाही तर पैसे परत" असे सांगणाऱ्याच्या होडीत बसू नका, कारण त्या वचनापायीच पाठलाग होतो. पहाटेची फेरी घ्या आणि डॉल्फिन दिसताच इंजिन बंद करण्याची अट बसण्यापूर्वीच घाला.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. बोंडला आता शुक्रवारी सकाळी ठेवले आहे आणि शनिवार चोडणसाठी राखला आहे. गुरुवारी पहाटे मालीमची जेटी पाहून मासळी घरीच आणावी, असा सासूबाईंचा आग्रह आहे. डॉल्फिनचा निर्णय नावाड्याशी बोलून घेईन. पणजीच्या सदस्यांना एकच विचारायचे आहे: खाडीत आत शिरायचे आणि चिखलावरचे पक्षीही पाहायचे, तर भरती पूर्ण झाल्यावर लगेच निघावे की थोडे थांबावे?

उत्तर (पणजी)

भरती पूर्ण होताच निघा. आत जाताना पाणी भरपूर मिळेल आणि परतताना ते उतरू लागलेले असेल, त्यामुळे बाहेरच्या कडेचा चिखल हळूहळू उघडा पडताना दिसेल. खाडीत मात्र फार वेळ रेंगाळू नका आणि परत फिरायची वेळ नावाड्यालाच ठरवू द्या.