सेल्फ बंद, टॅपेटचा आवाज, कोन सेट झिजलेला: २०१५ ची क्लासिक ३५० घ्यावी का?

प्रश्न (कृष्णाकाठ)

नमस्कार. मी कऱ्हाडला राहतो. रोजची ये-जा आणि अधूनमधून कुंभार्ली घाटातून चिपळूणपर्यंतचा प्रवास यांसाठी जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेण्याचा विचार आहे. सांगलीत एक गाडी पाहिली आहे. ती २०१५ ची, एमएच-१० नोंदणीची, कार्ब्युरेटर असलेली असून सध्याचे मालक हे तिचे दुसरे मालक आहेत. मीटरवर ४१ हजार किलोमीटर दिसतात आणि मागणी ८५ हजारांची आहे.

मालकांनी काही दोष आपणहून सांगितले. सेल्फ मारला की आतून नुसती घरघर ऐकू येते आणि इंजिन फिरत नाही. किक मारल्यावर मात्र गाडी लगेच सुरू होते. सकाळी सुरू केल्यावर काही वेळ टिकटिक असा आवाज येतो. हँडल सरळ रेषेत आले की किंचित अडकल्यासारखे जाणवते, आणि पुढच्या डाव्या फोर्कच्या नळीवर तेलाचे कडे दिसते. माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी वर्णन ऐकून स्प्रॅग क्लच गेला असावा असे सांगितले आणि सगळे मिळून दहा ते बारा हजारांचा अंदाज दिला. मालक आठ हजार कमी करायला किंवा तेवढ्यात स्वतःच काम करून द्यायला तयार आहेत.

माझा प्रश्न असा आहे की यांपैकी कोणते दोष पैशात मोजून सोडून द्यावेत आणि नेमके काय आढळले तर व्यवहारातून मागे फिरावे? शिवाय दुरुस्ती मालकांकडून करून घेणे बरे की पैसे कमी करून घेणे बरे?

उत्तर १ (जुना टॅपेट)

मालकांनी दोष लपवले नाहीत ही जमेची बाजू आहे, परंतु त्यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी एकाच पारड्यात टाकू नका. कोन सेट (हँडल ज्या बेअरिंगवर फिरते तो संच; तुमचे अडकणारे हँडल त्याचेच लक्षण), फोर्कचे ऑइल सील, चेन स्प्रॉकेट, टायर, बॅटरी हे सारे झिजेचे भाग आहेत. त्यांचा खर्च आधी सांगता येतो आणि भाग बदलला की तो विषय संपतो. ज्या दोषाचा खर्च इंजिन खोलल्याशिवाय कळत नाही, तो अंदाजात कितीही लहान दिसला तरी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तुमच्या यादीत असा दोष एकच आहे, आणि तो म्हणजे सेल्फ.

स्प्रॅग हा एकमार्गी क्लच आहे. स्टार्टर मोटरची गती तो क्रँकपर्यंत (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत) पोहोचवतो आणि इंजिन सुरू होताच मोटरला मोकळे करतो. या गाडीत ३४६ सीसीचा एकच सिलिंडर असून स्ट्रोक ९० मिलिमीटरचा आहे, त्यामुळे पिस्टन वर ढकलायला मोटरला बराच जोर लागतो. बॅटरी अशक्त असतानाही बटण दाबत राहिले की पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच अडतो, इंजिन उलटा झटका देते आणि तो झटका स्प्रॅगवर बसतो. म्हणजे बिघाड स्प्रॅगमध्ये दिसत असला तरी त्याचे मूळ बहुधा बॅटरीत किंवा चार्जिंगमध्ये असते. ते तपासल्याशिवाय नवा स्प्रॅग बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. मल्टिमीटर सोबत न्या. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिनाचे फेरे थोडे वाढवल्यावर आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो तेरापर्यंतही पोहोचत नसेल तर मॅग्नेटची (वीज तयार करणाऱ्या फिरत्या भागाची) कॉइल किंवा रेग्युलेटर पाहावा लागेल आणि अंदाजात आणखी एक रक्कम धरावी लागेल.

या कामासाठी इंजिन खाली उतरवावे लागत नाही. क्लचकडचे कव्हर काढून, पुलरने मॅग्नेट ओढून मागचा स्प्रॅग बदलता येतो. काळजी वेगळ्याच गोष्टीची घ्यायची आहे. या इंजिनात क्रँक, गिअर आणि क्लच यांना एकच तेल आहे. स्प्रॅगचे रोलर किंवा त्यांचा पिंजरा तुटला असेल तर ते तुकडे त्याच तेलात पडलेले असणार. म्हणून मालकांना दोन गोष्टी विचारा: सेल्फ बंद पडल्यानंतर गाडी किती चालवली आणि त्यानंतर ऑइल बदलले का. शक्य असेल तर ऑइल काढून तळाची गाळणी उघडून पाहा. तिच्यावर राखाडी, बोटाला जेमतेम जाणवणारी चमक दिसली तर या वयाच्या इंजिनात ते चालण्यासारखे आहे. नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला, तर कव्हर उघडून सगळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे करू नका.

सकाळच्या टिकटिकीबद्दल मात्र फारशी चिंता करू नका. या इंजिनातले टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला मदत करणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहेत. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यांतले तेल उतरते, आणि दाब तयार होईपर्यंत थोडा वेळ आवाज येतो. इंजिन गरम झाल्यावरही तो तसाच राहिला, तर आधी ऑइलची पातळी आणि प्रत पाहावी. १५डब्ल्यू-५० ऐवजी पातळ तेल भरलेले असले तरी आवाज राहू शकतो. तेल योग्य असूनही आवाज जात नसेल तर टॅपेट किंवा कॅमकडे वळावे लागेल. (कोणी तुम्हाला या गाडीचे टॅपेट ‘सेट करून देतो’ म्हणाले, तर दुसरे गॅरेज शोधा. ते काम जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचे होते.)

मागे कधी फिरावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा आधी सिलिंडरच्या पात्यांना हात लावा. ती कोमट असतील तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू करताना निळ्या धुराचा एखादा झोत आला आणि थांबला, तर व्हॉल्व्हचे सील जुने झाले आहेत, आणि ते काम हेडपुरते असते. पण पिकअप घेताना सतत निळा धूर येत असेल तर बोअर-पिस्टनचा खर्च धरावा. चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर थ्रॉटल उघडल्यावर खालून जड ठक्-ठक् ऐकू आली, तर बिग एंडचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचा) संशय घ्या आणि नमस्कार करून परत या. त्यासाठी इंजिन पूर्ण फोडावे लागते, आणि असा दोष असलेली गाडी स्वस्तात घेण्याचा हिशेब बहुतेक वेळा जमत नाही.

उत्तर २ (पूररेषा)

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु गाडी सांगलीची आहे याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते, आणि २०१५ ची गाडी दोन्ही वेळा इथेच असण्याची शक्यता आहे. मी स्वतः सांगलीत राहत असल्यामुळे जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच विचारतो की त्या दिवसांत ती कुठे उभी होती.

पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, ऑइल बदलून सुरू करता येते, आणि इतक्या वर्षांनंतर तेलाचा रंग पाहून काहीच कळत नाही. गाळ मात्र राहतो. हेडलाइटची काच काढून आतली वायर जोडणी पाहा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर असेल आणि रिफ्लेक्टरवर आडवी पुसट रेघ दिसत असेल, तर पाणी तिथपर्यंत चढले होते. बाजूचे दोन्ही डबे उघडून तळाच्या कोपऱ्यात बोट फिरवा आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या दुमडीतही पाहा, कारण सर्व्हिसिंग सेंटरच्या पाण्याचा फवारा तिथे नीट पोहोचत नाही. वाळलेली तांबूस-काळी माती तिथे चिकटून राहते, आणि ती रस्त्यावरच्या धुळीसारखी भुरभुरीत नसते. तुमच्या यादीतला कोन सेट केवळ वापराने झिजला असेल. पण स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश आणि दोन्ही चाकांचे बेअरिंगही एकाच वेळी गेलेले असतील, तर ग्रीस धुऊन गेल्याची शंका घेणे योग्य ठरेल. डबल स्टँड लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहिले की तेवढे समजते.

आणखी एक उपाय म्हणजे विम्याच्या जुन्या पॉलिसी मागाव्यात. नो क्लेम बोनस वाढत वाढत गेला आणि पुरानंतरच्या नूतनीकरणात एकदम शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी दावा केला गेला होता. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे गाडी दुसऱ्या मालकाच्या नावावर झाली त्या वर्षाचा शून्य वेगळा समजावा.

उत्तर ३ (घाटवाट)

दुरुस्ती कोणी करावी या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. मालकांनी आठ हजारांत काम करून द्यावे हा पर्याय मी स्वीकारणार नाही. गाडी विकायची आहे हे ठरलेल्या माणसाने स्वस्तातला स्प्रॅग बसवला आणि जुनीच बॅटरी ठेवली, तरी गाडी दाखवण्याच्या दिवशी सेल्फ व्यवस्थित लागेल. उलट, रक्कम कमी करून बंद कव्हर घरी आणणे म्हणजे आत काय आहे याची जोखीम तुम्ही एकट्याने उचलणे होय, आणि त्यासाठी आठ हजार पुरेसे नाहीत.

त्यापेक्षा थोडा इसार देऊन, तुम्ही निवडलेल्या गॅरेजमध्ये, दोघांच्या समोर क्लचकडचे कव्हर उघडावे. इसाराच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे की आत फक्त स्प्रॅगचे काम निघाले तर ठरलेल्या किमतीत व्यवहार होईल, आणि त्यापलीकडे काही निघाले तर इसार परत मिळेल किंवा किंमत नव्याने ठरेल. कव्हर उघडण्याची मजुरी तुम्ही द्या. त्यामुळे मालकांचाही नकार राहत नाही. कव्हर उघडेच आहे तर क्लच प्लेटा आणि प्रायमरी चेनचा टेन्शनरही पाहून घ्यावा. या वयाच्या गाडीत ते भाग कुठवर आले आहेत हे एरवी कळत नाही.

कोन सेटचे काम मात्र पुढे ढकलू नका. तुम्ही कुंभार्ली उतरणार आहात, आणि वळणावर हँडल मधोमध अडकत असेल तर गाडी सरळ रेषा सोडायला उशीर करते. गळणाऱ्या फोर्कचे तेल ब्रेकच्या डिस्कवर पोहोचण्याचीही शक्यता असते, म्हणून सीलही लगेच बदलावे. ही दोन्ही कामे स्वस्त आहेत, पण सेल्फपेक्षा अधिक तातडीची आहेत. किकवर गाडी वर्षभर चालेल.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल मिस्त्रींना घेऊन सांगलीला गेलो होतो. इंजिन थंड होते. धूर आला नाही, टिकटिक लवकर थांबली आणि पुलाच्या चढावर ठोका ऐकू आला नाही. हेडलाइटच्या आत आणि डब्यांत गाळ नाही. त्या काळात गाडी मिरजेला उंचावरच्या घरी होती असे मालक म्हणाले. बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती, पण इंजिन सुरू असताना १४.१ पर्यंत गेली. कव्हर उघडायला मालक तयार आहेत. एकच नवी गोष्ट आढळली. ऑइल काढायच्या बोल्टभोवती करड्या रंगाचे एम-सील लावलेले आहे, आणि मालकांना त्याबद्दल काही सांगता आले नाही.

उत्तर ४ (जुना टॅपेट)

चार्जिंग ठीक आहे, म्हणजे प्रश्न थकलेल्या बॅटरीचा आहे. स्प्रॅगबरोबर नवी बॅटरी गृहीत धरा. एम-सीलचा अर्थ बहुधा असा की कोणीतरी बोल्ट जास्त आवळून अॅल्युमिनियममधले आटे घालवले आहेत. आटे पुन्हा पाडून आत स्टीलची स्प्रिंग बसवता येते, आणि लेथचे काम करणारा चांगला माणूस ते गाडीवरच करतो. फक्त सील फोडून बोल्ट काढल्यावर त्याच्याभोवती बारीक भेग दिसते का ते टॉर्च लावून पाहा, कारण भेग असेल तर केसिंगचे (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे) काम निघते आणि तो खर्च या किमतीत बसत नाही. तसेही कव्हर उघडण्यापूर्वी ऑइल काढावेच लागणार आहे. म्हणून हा बोल्ट सर्वांत आधी, मालकांच्या समोर काढा आणि गाळणीही त्याच वेळी पाहा. भेग नसेल आणि गाळणी स्वच्छ असेल, तर बॅटरी व आट्यांचे काम धरून माझ्या मते ७१ ते ७२ हजारांवर बोलणी सुरू करावीत आणि ७५ च्या वर जाऊ नये. नोंदणी २०३० पर्यंत आहे, तेवढाही विचार किमतीत धरा. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.