चिलटांच्या अळ्या ओळखून वाढवायच्या कशा? (वडोदरा)

मांजलपूरकर: पादरा रोडवरच्या एका गोठ्यामागे गोमूत्र वाहून जातं त्या नालीच्या काठच्या चिखलात बारीक पांढऱ्या अळ्या आहेत. तिन्हीसांजेला गाईंच्या पोटाखाली ठिपकेदार पंखांची चिलटं बसतात, त्यांच्याच असाव्यात का? एम.एस. युनिव्हर्सिटीतल्या प्रकल्पासाठी अंड्यापासून पुढच्या सगळ्या अवस्थांचं वर्णन करायचं आहे. नुसत्या अळीवरून प्रजाती ठरते का?

चिखल_आणि_चाळणी: सहसा नाही ठरत. पण क्युलिकॉइडिस (रक्त पिणाऱ्या चिलटांचा एक वंश) आहे की नाही, ते कळतं. अळीला पाय नसतात, अंग गुळगुळीत, डोकं टणक आणि तपकिरी. बशीभर पाण्यात सोडा. सापासारखी झपझप वळवळत निघाली तर तीच. कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांच्या अळीला डोक्यामागे आणि शेपटाशी आखूड पायांची जोडी दिसते.

चिखल वरचा 2-3 सेंमीच घ्या, आणि तोही पाणी साचलेल्या जागेचा नको, ओलसर काठाचा. अळ्या तिथेच असतात. त्यावर एप्सम मिठाचं पाणी ओता, तळाशी थोडं मीठ न विरघळता राहील इतकं दाट. दहा मिनिटांत अळ्या वर तरंगतात. ड्रॉपरने उचलून लगेच साध्या पाण्यात धुवा, मिठात राहिल्या तर मरतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच वापरा, क्लोरीन उडून जाऊ दे.

सूक्ष्मदर्शी_बडोदे: वर्णनाला वजन येतं ते एकेक अळी वेगळी वाढवल्यावर. खणांच्या ताटलीत 100 मिली पाण्यात 1 ग्रॅम आगर (जेलीसारखं घट्ट करणारी पूड), त्यावर शेणाचं पातळ पाणी आणि खायला सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म जंत), एका खणात एकच अळी. दाटी केली तर एकमेकींना खातात. अळीच्या चार अवस्था. गरम हवेत साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मग कोष, 2-3 दिवसांचा, छातीवर श्वासाची दोन शिंगं. अळीची शेवटची कात आणि कोषाचं रिकामं कवच त्याच खणाच्या नंबराने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. या दोन्ही गोष्टी त्याच चिलटाशी जोडता आल्या नाहीत, तर अळीचं वर्णन नक्की कोणाचं, हे सिद्ध करता येत नाही.

चिलट बाहेर पडल्यावर लगेच मारू नका, एक दिवस जगू द्या. पंख आणि रंग पक्के होतात. पंखांवरच्या ठिपक्यांचा फोटो स्लाइड करण्याआधी काढा, नंतर नक्षी पुसट होते.

मांजलपूरकर: आणि अंडी?

सूक्ष्मदर्शी_बडोदे: रक्त प्यायलेली मादी (चावतात फक्त माद्याच) ओल्या फिल्टर पेपरवर ठेवा, तीन-चार दिवसांत घालते. लांबट केळ्यासारखी असतात, आधी पांढरी, काही तासांत तपकिरी. पेपर एकदा सुकला की संपलं, एडीस डासाची अंडी कोरडेपणात टिकतात, तशी ही टिकत नाहीत.

चिखल_आणि_चाळणी: एक राहिलं. डब्यावर मच्छरदाणीचं कापड बांधू नका, 1-3 मिमीचं चिलट त्यातून सहज निसटतं. बारीक विणीचं ऑर्गंडी कापडच लावा.