चेस ९६० मध्ये तरी माणूस कॉम्प्युटरला हरवू शकतो का?

अडीचघर:
हसू नका हां. मला ओपनिंग पाठ करायचा भयंकर कंटाळा, म्हणून महिनाभर चेस ९६० खेळतोय, मागच्या ओळीतली मोहरी उलटीसुलटी लावून. वाटलं इथे कॉम्प्युटरची ओपनिंगची वही बंद म्हणजे सामना बरोबरीचा. लिचेस या साइटवर स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रामची लेव्हल ६ लावली आणि १७ चालींत आटोपला की कारभार. नेहमीच्या बुद्धिबळात त्याच लेव्हलपुढे मी ४० चाली तरी तग धरतो! असं उलटं कसं काय? आणि मोठ्या ग्रँडमास्टरांनी कधी ट्राय केलंय का हे?

तिरकाउंट:
केलंय की. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ ला ब्युनॉस आयर्समध्ये हा प्रकार जाहीर केला, त्याचा मुख्य राग घोकंपट्टीवर होता. मग जर्मनीत माइन्झला याच्या स्पर्धा सुरू झाल्या. तिथे २००४ ला ग्रँडमास्टर आरोनियन ‘द बॅरन’ नावाच्या डच प्रोग्रामशी दोन डाव खेळला, दोन्ही बरोबरीत. पण बॅरन काही तेव्हाचं टॉपचं इंजिन (म्हणजे बुद्धिबळ प्रोग्राम) नव्हतं. पुढच्या वर्षी हंगेरीचा ग्रँडमास्टर अल्माशी श्रेडर नावाच्या प्रोग्रामसमोर बसला आणि ०-२ ने हरला. विषय तिथेच संपला म्हण ना, आता तर फोनमधलं स्टॉकफिशही पाच वेळा जगज्जेता झालेल्या कार्लसनला झेपणार नाही, मोहरी कशीही मांडा.

पटावरचाप्यादा:
अरे पण वही नक्की कोणाची बंद झाली ते बघ ना. तुझी! इंजिनला कॅसलिंगचा (राजा-हत्ती एकाच चालीत हलवायचा) बदललेला नियम शिकवला की बाकी सगळं तेच, ते वहीवर जगतच नाही, दर चालीला लाखो पोझिशन तपासतं. नेहमीच्या डावात पहिल्या आठदहा चाली तू स्वतः खेळतच नसतोस रे, शेकडो वर्षांत लोकांनी मार खाऊन शिकलेल्या चाली तू फक्त खेळून दाखवतोस (कंटाळा असला तरी बघून बघून येतंच). इथे पहिल्या चालीपासून तू एकटा. माणसामाणसांतसुद्धा याने गडबड होते, २०१९ ला नॉर्वेत, म्हणजे घरच्या मैदानावर, कार्लसन याच प्रकाराच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला अमेरिकेच्या वेस्ली सोकडून १३.५-२.५ ने हरला होता.
आणि अजून एक, आपल्या नेहमीच्या मांडणीत सगळी प्यादी सुरुवातीपासून कोणाच्या ना कोणाच्या राखणीत असतात. ९६० मध्ये तसं नाही, काही मांडण्यांत एखादं प्यादं उघडंच पडलेलं असतं आणि आपली नजर तिकडे जातच नाही कारण आयुष्यभर जायची गरज पडलेली नाही. इंजिनला असली सवयच नाही.

अडीचघर:
अय्यो, हेच झालं माझं!! माझा घोडा ए१ वर कोपऱ्यात, शेजारी बी१ ला हत्ती. त्याचा उंट जी८ वर. त्याने प्यादं एफ५ ला ढकलून उंटाची तिरकी वाट मोकळी केली, मला वाटलं सेंटरसाठी आहे. पुढच्या चालीला उंटाने थेट ए२ चं प्यादं खाल्लं आणि वर हत्तीवर हल्ला, हत्तीला हलायला एक घर नाही. तिथून पुढे नुसती घसरगुंडी.

तिरकाउंट:
एक मिनिट. तू पांढरा होतास ना? मांडणी दोन्हीकडे सारखीच असते, म्हणजे तुझाही उंट जी१ वर आणि त्याचं ए७ चं प्यादं तसंच उघडं. पहिली चाल तुझी होती भावा.

अडीचघर:
म्हणजे प्यादं एफ४ ला मीच आधी टाकायला हवं होतं??

पटावरचाप्यादा:
हो. अर्थात त्याने प्यादं बी६ ला आणून लगेच दार लावलं असतं, तेवढं ते बघतं. पण निदान त्याला लावायला तरी लागलं असतं.

अडीचघर:
आज रात्री लेव्हल ३. आणि आधी दोन मिनिटं नुसती प्यादी मोजणार, कोणाला राखण नाही ते.